बक्षिशी आणि हक्क

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आमच्यासारख्या शाळामास्तराला आपण या प्रसंगी बोलण्याचा मान दिलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कामगिरी हा विषय ऐकून, त्याचा आपल्या न्यासाशी काय संबंध, असे कोणाच्या मनात येईल. तो संबंध आम्ही शेवटी सांगू.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. दोनच वर्षांनी जॉर्ज पुलमन यांनी आगगाडीच्या झोपण्याच्या डब्यांची कंपनी काढली आणि पुढे पोर्टर म्हणून मुक्त झालेले गुलाम नेमले. बिछाने घालावे, जोडे पुसावे, रात्री-अपरात्री घंटीला ओ द्यावी, हे त्यांचे काम. पगार तुटपुंजा, भिस्त सारी उतारूंच्या बक्षिशीवर. महिन्याला ४०० तास राबणे भागच असे. उतारू प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' अशीच हाक मारीत. पूर्वी गुलामाला धन्याच्या नावाने ओळखीत, तीच ही रीत. बक्षिशी हवी तर त्या हाकेलाही हसून ओ द्यायची!

पण ही माणसे देशभर हिंडत होती. शिकागोचे 'डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र त्यांनी दक्षिणेकडील गावोगावी पोचविले. ब्लूज गाण्यांच्या तबकड्याही नेल्या. १९२५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांनी संघटना स्थापली. पुढारी नेमले ए. फिलिप रँडॉल्फ. ते स्वतः पोर्टर नव्हते, त्यामुळे कंपनीला त्यांना कामावरून काढता येईना. बारा वर्षे झुंज चालली. १९३७ साली कंपनीने करारावर सही केली. पगार वाढला आणि तास ४०० वरून २४० वर आले.

संगीतातही हाच प्रश्न उभा होता. १९३९ साली थोर गायिका मॅरियन अँडरसन यांना त्या कृष्णवर्णीय म्हणून वॉशिंग्टनमधील एका सभागृहाने जागा नाकारली. तेव्हा ९ एप्रिल रोजी त्या लिंकन-स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायिल्या. श्रोते होते सुमारे ७५,०००.

१९४१ साली रँडॉल्फ यांनी मोर्चाचा इशारा देताच अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण-कारखान्यांतील वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम काढावा लागला. १९५५ साली मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स यांना बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावले ते ई. डी. निक्सन हे पुलमनचे पोर्टरच. त्यानंतरचा बस-बहिष्कार ३८१ दिवस टिकला. त्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली गांधीजींच्या या देशात येऊन गेले. पुढे २८ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच लिंकन-स्मारकापाशी अडीच लाख माणसे जमली. मोर्चाचे प्रमुख चौऱ्याहत्तर वर्षांचे रँडॉल्फ. मॅरियन अँडरसन आणि महालिया जॅक्सन तेथे गायिल्या.

आता आपल्या न्यासाविषयी. आम्ही स्वतः नादारीवर शिकलो. दर सहामाहीला वर्गात हाक येई : "नादारीवाले उभे राहा!" आम्हांला नाव होते, ते हजेरीपटावरही होते, पण त्या दिवशी ते कोणी घेत नसे. फी माफ झाली याचे उपकार आम्ही आजन्म विसरणार नाही. पण ते उभे राहणेही विसरलो नाही.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत 'गरजू विद्यार्थ्यांना मदतवाटप' असे कलम आहे. हेतू निर्मळ आहे, यात शंका नाही. आमची एवढीच विनंती की पुढील वर्षापासून फी परस्पर शाळेत भरावी, मुलांना व्यासपीठावर रांगेत उभे करू नये. व्यासपीठावर बोलवायचेच, तर ज्या दिवशी ती उत्तीर्ण होतील त्या दिवशी बोलवावे, आणि प्रत्येकाला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारावी.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा असावी. न्यासाला दीर्घायुष्य चिंतून आम्ही आपली रजा घेतो.