पारंपरिक चाल



साहित्यिकांच्या सभेत पेटीवाल्याला बोलायला उभं केलंत, याचं मला अप्रूप आहे. एरवी आमची जागा गायकाच्या शेजारी, तीही खाली मान घालून.

मी निपाणीचा. पेटी वाजवणं आणि चाली लावणं यावर माझं घर चालतं. सकाळी शिकवण्या, एकादशीला भजन, अधूनमधून बेळगावात एखाद्या गायकाला साथ. आज अभंग, तर उद्या वचनं आणि दासरपदं. सीमाभागातल्या पेटीला दोन्ही भाषा समजाव्या लागतात. पट्ट्या त्याच असतात, पण शब्दांचं वजन बदलतं.

बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी पेटीवादकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. त्यांच्या उमेदीच्या काळात, १९४० पासून १९७१ पर्यंत, रेडिओवर पेटीला बंदी होती. पेटीचे सूर ठरलेले, दोन सुरांमधली मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. पण हे उणेपण भात्याच्या दाबाने आणि बोटांच्या हलकेपणाने झाकायला वादक शिकले. त्याआधी गोविंदराव टेंबे यांनी तर पेटीवरून उठून रचनाकाराची जागा घेतली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’मधील पदांना चाली त्यांच्या आहेत.

आता माझी एक छोटी गोष्ट. विड्या वळणाऱ्या बायकांवर आमच्या भागातल्या एका कवीने कविता लिहिली होती. मी चाल लावली. सम ‘विडी’च्या ‘वि’वर आली होती, म्हणून तो ‘वि’ लांबत होता. शेजारच्या एक मावशी आयुष्यभर विड्या वळलेल्या. ऐकून म्हणाल्या, “मास्तर, आम्ही विडी म्हणतो. ही वीऽडी कुठली आणली?” ऱ्हस्व-दीर्घाचा इतका चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. दोन रात्री खपून सम ‘डी’वर नेली आणि गाणं उभं राहिलं.

ते गाणं गावोगावी, स्नेहसंमेलनांत पोचलं. एका स्मरणिकेत छापून आलं. कवीचं नाव होतं, गायिकेचं होतं. चालीपुढे छापलं होतं, ‘पारंपरिक’. माझ्या हयातीतच माझी चाल परंपरेत जमा झाली! राग आला. मुलीने शांतपणे विचारलं, “बाबा, तुम्ही ती लिहून ठेवली होती का?” नव्हती.

मग कायदा चाळला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली वा लिहून काढलेली स्वररचना. १९९४ च्या दुरुस्तीने ही लेखनाची अट काढली. म्हणजे आज न लिहिलेली चालही कर्त्याचीच. पण ती आपली, हे सिद्ध करताना आपल्या हातात कागद नसला तर काय दाखवणार?

त्या दिवसापासून प्रत्येक चाल मी भातखंडे पद्धतीने वहीत लिहितो, खाली तारीख घालतो. पहिली नोंद त्या विडीच्या गाण्याचीच आहे. समास सोडून तिथे मावशींची दुरुस्तीही लिहिली आहे.

शिक्षकांना एवढंच सांगणं आहे. शाळेत कविता गाऊन घेताना कवीबरोबर चाल लावणाऱ्याचंही नाव फळ्यावर लिहा. ठाऊक नसेल तर ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी चार जणांना विचारा. कदाचित तो पेटीवाला तिथेच, गायकाच्या शेजारी, खाली मान घालून बसलेला असेल.