‘जमणार नाही’ या शब्दांना उत्तर

(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



१९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, त्याच्याही आधीपासून जबलपूर आणि सैन्य यांचे नाते जडले आहे. आपल्या शाळेतही वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणारी मुले दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी आज एका विस्मृत मराठी नावाचे स्मरण करते.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजमध्ये शिकले आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात दाखल झाले. हिंदी तरुणाला अधिकारपद मिळणे तेव्हा अतिशय दुर्घट होते. हरदितसिंग मलिक यांनाही प्रथम नकारच मिळाला होता. तरीही मलिक, सेन, इंद्रलाल रॉय आणि वेलिणकर हे चौघे जर्मनीविरुद्ध आकाशात लढले.

वेलिणकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये ‘डॉल्फिन’ हे एकआसनी लढाऊ विमान चालवीत. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड. वैमानिकाचे डोके वरच्या पंखांमधील मोकळ्या चौकटीतून बाहेर आलेले. ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे. जून १९१८ मध्ये गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडून ३० जून रोजी ते निवर्तले. फ्रान्समधील हांगार येथे त्यांची समाधी आहे. पुढच्याच महिन्यात, तेरा दिवसांत दहा विमाने पाडणारे एकोणीस वर्षांचे इंद्रलाल रॉयही धारातीर्थी पडले.

परक्या साम्राज्यासाठी लढलेल्यांचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. साम्राज्याचा गौरव आपल्याला करावयाचा नाही. परंतु ‘हिंदी माणसाला विमान चालविणे जमणार नाही’ या समजुतीला या तरुणांनी प्राण पणाला लावून उत्तर दिले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९३२ मध्ये, भारतीय वायुदलाची स्थापना झाली.

बंद दारे पुढेही होतीच. लढाऊ विमानाचे दार मुलींसाठी २०१६ मध्ये उघडले, आणि त्यातून आत गेलेल्या पहिल्या तिघींमध्ये आपल्याच मध्य प्रदेशाची अवनी चतुर्वेदी होती.

पालकहो, ‘मराठी शाळेत शिकून पुढे काय जमणार?’ हे शब्द आपल्या शाळेने साठ वर्षे ऐकले आहेत. समोर बसलेले माजी विद्यार्थी हेच त्याचे उत्तर आहे. ही शंका निदान आपल्या घरात मुलांच्या कानी पडू देऊ नका, एवढेच मागणे.