किल्लारीची पहाट आणि आजचे संदेशवहन

(नांदेड येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाने थकलेली गावे गाढ झोपेत होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची घरे निजलेल्यांच्या अंगावर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. त्या दिवशी कोणाच्याही खिशात मोबाइल नव्हता. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. किल्लारी परिसरात बाहेरच्या जगाशी संपर्क राखण्याच्या कामी हौशी बिनतारी चालक, म्हणजे ‘हॅम’ मंडळी, आपले संच घेऊन धावून आली होती.

मग आता प्रश्न सुटला, असे समजायचे का?

मोबाइलची करामत थोर आहे, यात शंका नाही. आवाजाचे अंकांत रूपांतर झाले आणि एकाच ध्वनिलहरीच्या नव्हे, तर एकाच रेडिओ वाहिनीच्या काळाचे बारीक तुकडे पाडून त्यावर आठ संभाषणे चालवणे जीएसएम पद्धतीला साधले. (बिनतारी लहरींचा प्रयोग १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी करून दाखवला होता, याचे स्मरण आपल्या पाठ्यपुस्तकांना क्वचितच होते!) परंतु प्रत्येक संभाषणाला मनोऱ्यावर स्वतंत्र जागा लागते. आपत्तीत सारे गाव एकदम फोन लावते आणि जागा संपते. वीज गेली की मनोरा बॅटरीवर आणि डिझेलवर जगतो. तेही संपले की हातातला महागडा फोन मुका होतो.

यावर दोन उपाय अंकीय तंत्रानेच दिले आहेत. पहिला ‘सेल ब्रॉडकास्ट’. मनोरा एकच संदेश परिसरातील सर्व फोनांना एकाच वेळी देतो; क्रमांक लागत नाहीत, गर्दीही आड येत नाही. २०२३ मध्ये आपले फोन अचानक कर्कश वाजले, ती याचीच चाचणी होती. दुसरा उपाय आकाशवाणीने स्वीकारलेला डीआरएम हा अंकीय रेडिओ. मध्यम लहरींवरील एक प्रक्षेपक अनेक जिल्हे व्यापतो आणि तशी सोय असलेल्या संचाला धोक्याच्या सूचनेकडे आपोआप वळवू शकतो. अडचण एवढीच की, असे संच घरोघरी पोहोचलेले नाहीत.

मात्र हे दोन्ही मार्ग वरून खाली येणारे आहेत. ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाची हाक वर कोण नेणार? २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीतील ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडही हादरले, तेव्हा हानी टळली. प्रश्न टळलेला नाही. हॅम संच मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, मनोरा मागत नाही, झाडाला बांधलेली तार त्याला पुरते. चालवण्यास केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती मुळीच जड नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी असे चार-पाच परवानाधारक आज मिळतील का, याची चौकशी आपापल्या गावी परतल्यावर जरूर करावी.