रसायनशास्त्राचा पदवीधर आणि न्यग्रोधमृगाची गोष्ट

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



1956 हे साल म्हटले की आपल्याला नागपूरची दीक्षाभूमी आठवते. त्याच वर्षी मुंबईत एक लहानशी घटना घडली. तिचा तथागतांच्या कथेशी संबंध आहे, म्हणून आज तीच सांगण्याचे आम्ही ठरविले आहे.

केंद्र सरकारची फिल्म्स डिव्हिजन 1948 साली मुंबईत सुरू झाली. मुख्य चित्रपटाआधी थिएटरात जी माहितीपटांची रिळे दाखवीत, ती हीच संस्था काढी. (2022 साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.) या संस्थेच्या कार्टून विभागातल्या मुलांना शिकवायला 1956 साली अमेरिकेहून क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ आले. डिस्नेच्या स्टुडिओत ‘स्नो व्हाइट’, ‘बांबी’ अशा चित्रपटांवर काम केलेला हा माणूस. त्यांच्या हाताखाली शिकायला बसलेल्यांत राम मोहन हे पंचविशीतले तरुण होते.

राम मोहन यांचा जन्म 1931 चा. मद्रास विद्यापीठातून ते रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते. त्या काळी विज्ञानाची पदवी म्हणजे नोकरीची हमी. ती वाट सोडून हा मुलगा चित्रे काढण्याच्या खात्यात गेला. घरी काय बोलणी झाली असतील याची कल्पना आपण करू शकतो, कारण तशी बोलणी आपल्याही घरात रोज होतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवणाऱ्या मुलाला दहावी आली की चित्रकलेची वही कपाटात ठेवायला सांगणारे पालक या सभागृहात कमी नाहीत. त्यांचे भय खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे, त्या घराला जोखीम परवडत नाही, हे बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे.

पण काम काय होते ते पाहा. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. एक चित्र दोनदा घेतले तरी सेकंदाला बारा लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला 7,200 चित्रे झाली, आणि तीसुद्धा एका चौकटीत एकच पात्र हलते असे धरून! मुख्य चित्रकार हालचालीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे चित्र काढी. मधली चित्रे शिकाऊ मुले भरीत. मग ती पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायची, मागच्या बाजूने रंगवायची आणि कॅमेऱ्याखाली एकेक करून ठेवायची. संगणकाचा प्रश्नच नव्हता. हिशोबाच्या वहीत एक आकडा चुकला तर ताळेबंद जुळत नाही. तिथे एक रेघ हलली तर हरीण लंगडे व्हायचे!

हो, हरीणच. या मंडळींनी शिकता शिकता जो चित्रपट केला तो ‘द बनियन डीअर’, 1957 चा. आपली न्यग्रोधमृग जातकाची गोष्ट. वाराणसीचा राजा रोज हरणे मारी. म्हणून दोन कळपांनी ठरवून पाळीपाळीने एकेक हरीण वधस्तंभाकडे पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्या कळपातल्या गाभण हरिणीची पाळी आली. तिच्या नायकाने पाळी बदलायला नकार दिला, तेव्हा न्यग्रोध स्वतः तिच्या जागी मान ठेवून उभा राहिला. राजा विरघळला. त्याने आधी हरणांना आणि मग सर्व प्राण्यांना अभय दिले. बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा रूढ अर्थ स्वीकारला नाही, त्यामुळे जातकातला मागील जन्मांचा भाग आम्हीही बाजूला ठेवतो. नियम सर्वांना सारखा असला तरी दुबळ्याची पाळी आली की नायकाने काय करायचे, हा प्रश्न मात्र आमच्या मते आजचाच आहे. आपल्या कार्यकर्त्यांनाही तो विचारता येईल.

पुण्याला ही विद्या नवी नव्हती. फाळक्यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’ काढली, काड्या थोड्याथोड्या सरकवून. प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी रघुनाथ केळकरांनी तिच्यासाठी ‘जंबू काका’ हा कोल्ह्याचा व्यंगपट केला. त्याच प्रभातच्या जागेत 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आपल्यापैकी कित्येकजण तिच्या फाटकावरून रोज सायकल, स्कूटर हाणतात.

राम मोहन 1968 मध्ये सरकारी नोकरी सोडून प्रसाद प्रॉडक्शन्समध्ये गेले आणि 1972 साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. ‘यू सेड इट’ आणि ‘फायर गेम्स’ या त्यांच्या चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. युनिसेफसाठी त्यांनी केलेली ‘मीना’, शाळेत जाऊ पाहणारी मुलगी, शेजारच्या बांगलादेशातही घरोघरी पोहोचली. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.

येत्या बुद्धपौर्णिमेला विहारात ‘द बनियन डीअर’ दाखवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. पडद्याची व्यवस्था तरुण मंडळाने करावी. आणि ज्या मुलांच्या वह्या कपाटात आहेत त्यांनी त्या दिवशी येताना बरोबर आणाव्यात. भिंतीवर लावायला जागा आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.