नमुना कुणी घेतला?



माझ्याआधी या परिषदेच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्यांची थोरवी सांगत बसलो तर जेवण थंड होईल, म्हणून ती गृहीत धरा. विषयातल्या प्रगतीचा आढावा अध्यक्षानं घ्यायचा असतो. तो आधी उरकतो.

ऑक्रॅटॉक्सिन-ए हे बुरशीचं विष १९६५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलं. ते वाइनमध्येही असतं हे कळायला नव्वदीचं दशक उजाडलं. स्वित्झर्लंडमध्ये त्सिमर्ली आणि डिक यांनी वाइन तपासल्या, तेव्हा पांढरीपेक्षा तांबडीत आणि उत्तरेपेक्षा दक्षिणेकडच्या प्रदेशांतल्या वाइनमध्ये ते जास्त निघालं. तांबडी वाइन सालीसकट आंबवतात, हे त्याचं एक कारण. द्राक्षात हे विष मुख्यतः ॲस्परजिलस कार्बोनेरियस ही काळी बुरशी करते. घात मूत्रपिंडाचा होतो. युरोपनं वाइनला किलोमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. बेदाण्याची १० होती, ती २०२३ पासून ८ झाली. तपासणीची रीत आपण सगळे जाणतो: प्रतिपिंडांच्या स्तंभातून अर्क सोडायचा, अडकलेलं विष मिथेनॉलनं सोडवायचं, एचपीएलसीवर ३३३ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ४६० ला त्याची चमक मोजायची. हल्ली मास स्पेक्ट्रोमीटर आला. आढावा संपला.

आता ज्यासाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारलं, ते बोलतो.

कालपासून निबंध ऐकतो आहे. ॲप्टॅमर झाले, सोन्याचे नॅनोकण झाले, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं वाचायच्या पट्ट्या झाल्या. कौतुक आहे. पण प्रत्येक निबंधात उपकरणाला चार पानं आणि नमुन्याला एक ओळ: ‘नमुने स्थानिक बाजारातून गोळा केले.’ कुठल्या बाजारातून? किती पेट्यांतून? पेटीच्या वरून की तळातून? आणि कुणी?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातल्या सगळ्या शितांना पाणी आणि आच सारखीच मिळते. बेदाण्याच्या मालात तसं काही नसतं. भुरीनं तडकलेला मणी, पक्ष्यानं चोच मारलेला मणी, अवकाळीत चिरलेला मणी, असल्या मण्यांतच मुख्यतः काळी बुरशी शिरते. शेजारचा मणी निर्मळ असतो. शेडवर वाळताना रॅकच्या ज्या बाजूला पावसाची झड येते ती बाजू वेगळी, आतली वेगळी. हिशेब करून पाहा. अर्ध्या ग्रॅमच्या एका बेदाण्यात ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम विष आहे असं धरा. तो एकटा मणी अख्ख्या किलोला मर्यादेबाहेर नेतो. किलोत असे दोन हजार मणी. तुमच्या पाव किलोच्या पिशवीत तो नेमका येणार कसा? म्हणूनच युरोपच्या नियमात मोठ्या मालातून शंभर ठिकाणचा मिळून दहा किलो नमुना काढायला सांगितलं आहे, आणि तो सगळा एकजीव केल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. आपल्याकडे व्यापारी सौद्याला दाखवायला निवडलेला, चकचकीत माल पुडीत बांधून पाठवतो आणि आपण त्यावर ‘आढळले नाही’ असा शिक्का मारतो.

सकाळच्या सत्रात प्रतिपिंडांवर चालणारी एलायझा चाचणी खरी की मास स्पेक्ट्रोमीटर, यावरून दोन सहकाऱ्यांचं हमरीतुमरीवर आलं. तो वाद मी एका अनुभवानं मिटवतो. सांगली भागातल्या एका शीतगृहातल्या मालाचे दोन प्रयोगशाळांचे दोन अहवाल आले, एक पास, एक नापास. एक म्हणे, तुमचे प्रतिपिंड भलत्यालाच चिकटतात; दुसरी म्हणे, तुमचं यंत्र साखरेनं फसतं. पत्रापत्री वाढली, मग मला बोलावलं. मी यंत्रांकडे फिरकलोच नाही, थप्पी लावणाऱ्या हमालाला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, एक पिशवी दाराजवळनं नेली, एक आतनं. आतला माल पावसाआधीचा, दाराजवळचा पावसानंतरचा.” यंत्रं दोन्ही बरोबर होती. त्या हमालाला जे ठाऊक होतं ते एकाही अहवालात नव्हतं.

वाइनवाले मित्र म्हणतील, आमची टाकी ढवळली की एकजीव, आम्हाला ही कटकट नाही. खरं आहे, म्हणूनच सगळ्यांना वाइनवरच निबंध लिहायचा असतो! पण आंबवताना बरंच विष चोथ्यात आणि यीस्टच्या गाळात जातं. बाटलीतला आकडा चांगला आला तरी बागेतला कुठला प्लॉट नासला होता हे तो सांगत नाही. नमुना घ्यायचा तर द्राक्ष क्रशरमध्ये पडण्याआधी, क्रेटमधून घ्या.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. निर्यातीच्या द्राक्षाची ग्रेपनेटवर प्लॉटपर्यंत नोंद असते, औषधांच्या अंशासाठी नमुने रीतसर काढले जातात, कारण परदेशी गिऱ्हाईक विचारतं. तोच माल पावसात सापडून बेदाणा शेडवर गेला की नोंद संपते. तो बेदाणा आपल्या घरच्या शिऱ्यात पडतो, आणि आपल्याला कुणी विचारत नाही.

दुखणं जुनं आहे. आपल्या क्षेत्रात नमुना आणणं हे शिपायाचं काम समजतात. मी नोकरीत असताना बागेत स्वतः जायचो, तर एका वरिष्ठांनी माझ्या प्रवासभत्त्याच्या बिलावर शेरा मारला: ‘शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा सोडण्याचे प्रयोजन काय?’ ते बिल मंजूर झालं नाही. त्यानंतर कितीतरी हुशार मुलं आली आणि कार्बोनेरियसनं काळवंडलेला घड वेलीवर न पाहताच निवृत्तही झाली. परदेशी स्तंभाला हजारो रुपये मोजतो. नमुना काढणाऱ्याला प्रशिक्षण नाही, बढती नाही, निबंधात नावही नाही.

काय करायचं? शेडवरच्या आणि शीतगृहातल्या माणसांना वाचता येईल अशी नमुना काढण्याची मराठी पुस्तिका निघावी. ती कुणी लिहायची हे कार्यकारिणीनं ठरवावं. तासगाव-पंढरपूरकडे प्रशिक्षण वर्गही व्हावेत. पैशांचं पाहता येईल.

एवढं मात्र माझ्या हातात आहे. पुढच्या परिषदेसाठी निबंध पाठवाल तेव्हा नमुना कुणी, कुठून, केव्हा आणि किती ठिकाणांहून घेतला, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, घेणाऱ्याच्या नावासकट. ते नसेल, तर तुमचं यंत्र कितीही महाग असो, मी परीक्षक असेपर्यंत निबंध परत येईल.