आगोटीची तयारी आणि पावतीवरचं ‘हस्ते’

(दापोली तालुक्यातील एका वाडीत मे महिन्यात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



एवढ्या उन्हाच्या तुम्ही चालत आलात. येताना अंगणातल्या आमसुलांवर आणि मिरच्यांवर कुणाला तरी राखणीला बसवून आलात. मे महिन्यात बाईला सभेला बोलावायचं म्हणजे तिचा वाळवणाचा एक दिवस घालवायचा, हे मला कळतं. म्हणून लांबण लावत नाही. आणि विषयही आगोटीचाच घेतला आहे.

25 मेच्या सुमाराला रोहिणी लागतात, 7-8 जूनला मृग. त्याआधी घर पावसाला तयार व्हायला हवं. आता हे घर तयार करतं कोण? विचारलं तर पुरुष सांगतात, आम्ही शाकारणी करतो. खरं आहे. ते दोन दिवस कौलांवर चढतात, खाली उतरले की ‘झालं घर’ म्हणतात. पण कुठलं कौल काढायचं हे त्यांना कोण सांगतं? मागच्या श्रावणात रात्री उठून ठिपक्याखाली टोप कुणी ठेवला होता? ‘चुलीवरचा तिसरा वासा, भिंतीपासून हातभर’ हे जिला झोपेतही सांगता येतं, ती बाई खाली उभी राहून कौलं वर देत असते. वानरांनी किती कौलं फोडली, माळ्यावर जुनी किती शिल्लक आहेत, नवी किती आणायची, हा हिशेब तिच्याकडेच असतो.

वाशांवरून एक आठवलं. चुली होत्या तेव्हा धुरानं वासे काळे व्हायचे आणि त्यांना कीड कमी लागायची. गॅस आला, डोळे वाचले, खोकला गेला, चांगलंच झालं. पण आता वाशांखाली भुग्याचा पिवळा सडा दिसायला लागला आहे. केर काढताना तो कुणाला दिसतो? ज्याच्या हातात केरसुणी त्यालाच. तो दिसला की वासा टोकाशी, भिंतीवर टेकतो तिथे, खिळ्यानं टोचून बघा. खिळा सहज आत गेला तर वासा बदलायला झाला.

मातीच्या भिंतीचं तसंच. वरून गळण्यापेक्षा खालून भिजण्यानं जास्त घरं बसतात. पागोळ्या एकाच जागी पडतात, खड्डा होतो, चिखलाचे शिंतोडे भिंतीच्या पायाशी उडतात आणि भिंत आतून ओल धरते. म्हणून पागोळ्यांच्या रेघेत दगड-खडी पसरायची आणि पाणी बाहेर काढायला चर खणायचा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या अंगाला झड लागते, तिथे झडी बांधायच्या. पूर्वी त्यासाठी बायका झावळ्यांचे झाप विणायच्या, आता निळी ताडपत्री आली. शिवाय लाकूडफाटा आत घ्यायचा, शेणी रचायच्या, सुकी मासळी, कुळीथ, मसाला डब्यात भरायचा. हे सगळं करून पुन्हा घरातली माणसं विचारतात, दिवसभर काय केलंस?

2019 मध्ये सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी 299 मिनिटं वेळ तेव्हा त्यात जात होता, आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांचा 97 मिनिटं. ही वर्षाची सरासरी झाली. आपल्या मे महिन्याचा तिला काय पत्ता?

आता आमच्या वाडीतल्या काकींची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे, त्या इथे बसल्या आहेत. काकींचे यजमान 1998 साली गेले. दीर मुंबईला. घर अजून सासऱ्यांच्या नावावर, ते तर त्याही आधी गेले. घरपट्टी काकी भरतात. पावतीवर नाव सासऱ्यांचं, खाली बारीक अक्षरात ‘हस्ते’ आणि पुढे काकींचं नाव. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आपल्याकडे कुणाचं काय गेलं ते मी सांगायला नको. काकींचं अर्धं छप्पर गेलं. पंचनामा झाला. पण भरपाई द्यायची कुणाच्या खात्यात? मेलेल्या माणसाच्या? सगळ्या वारसांची संमती आणा म्हणाले. दीर म्हणाले, आधी वाटण्या होऊ देत. तो पावसाळा काकींनी ताडपत्रीखाली काढला आणि पुढे दोन शेळ्या विकून कौलं घातली. मग कुजलेले वासे बदलायला काढले, तर मुंबईहून निरोप आला : घर सामाईक आहे, हात लावायचा नाही. गणपतीला मात्र सगळी मंडळी येतात आणि काकींनी कोरड्या ठेवलेल्या माजघरात झोपतात.

मी दिरांना राक्षस ठरवत नाही. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला गावच्या घरातला वाटा जाईल अशी भीती वाटते. पण त्या भीतीची किंमत काकींनी का भरायची?

कायदा काय सांगतो? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. नवऱ्याच्या हिश्शात तिचा वाटा मुलाइतकाच. नवरा हयात असेल तर 20 नोव्हेंबर 2003 चं शासनाचं परिपत्रक आहे : ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं. हा नमुना 8 घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण पंचनाम्याच्या वेळी ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला काहीतरी उत्तर हातात असतं. आणि घर कुणाच्याही नावावर असो, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं नांदत्या घरात राहण्याचा तुमचा हक्क आहे. तुम्हाला उचलून बाहेर काढता येत नाही.

तेव्हा यंदा कौलं मोजाल त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा काढा. नवरा गेला असेल तर मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या. कौलांचं, सुताराचं बिल स्वतःच्या नावानं मागा. शाकारणीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो पोरांना मोबाइलवर काढायला सांगा. ‘भावकीत वाकडं येईल’ असं मागून कुणीतरी म्हणालं. येईल. काकींच्या बाबतीत काही न मागताही आलंच होतं.

काकींनी गेल्या महिन्यात वारस नोंदीचा अर्ज दिला. उत्तर अजून आलेलं नाही. दिरांना पत्र टाकलं आहे, त्यांचंही नाही. चुलीवरचे दोन वासे मात्र त्या यंदा बदलणार आहेत, सुतार परवा यायचा आहे. ज्यांच्या पिशवीत घरपट्टीची पावती असेल त्यांनी चहानंतर थांबा, अर्ज इथेच बसून लिहू.