पिक्चर कुणाचा?

मी मीरा रोडच्या नया नगरमधून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँकेची कागदपत्रं याबद्दल बोलते. आज पिक्चरबद्दल बोलणार आहे. कंटाळू नका, शेवटी आपल्या वहीपाशीच येणार आहे.

आमच्या एका गटाची मासिक सभा संपली होती. बाहेर पाऊस धो धो. कुणी घरी जायला तयार नाही. एकीने मोबाईल टीव्हीला जोडला आणि जुना 'संत तुकाराम' लावला. आमच्या गटात रत्नागिरीकडच्या एक आपा आहेत, पन्नाशी उलटलेल्या. त्यांनी विचारलं, "कुणाचा पिक्चर?" एक ताई म्हणाली, "तुकाराम महाराजांचा." आपा म्हणाल्या, "तसं नाय गो. बनवला कुणी?"

आपण सहसा हे विचारत नाही. आपण म्हणतो अमिताभचा पिक्चर, माधुरीचा पिक्चर. मग मी सुरुवातीची नावं वाचून दाखवली. दिग्दर्शक दोन : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. आपा सावरून बसल्या. "फत्तेलाल? आणि तुकारामांचा पिक्चर?" मी म्हटलं, हो. हे दोघं कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकले. 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तिच्या भागीदारांत हे दोघं होते. पुढे कंपनी पुण्याला गेली. दामले आवाजाचं काम बघायचे, फत्तेलाल नेपथ्याचं. 1936 साली दोघांनी मिळून हा पिक्चर केला. लोक नावसुद्धा एका दमात घेतात, दामले-फत्तेलाल.

आता दिग्दर्शक म्हणजे कोण? नट बोलतो, कॅमेरावाला चित्र टिपतो, गाणारा गातो. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, कुणाच्या तोंडावर किती वेळ थांबायचं, कुठे गप्प राहायचं, हे जो ठरवतो तो दिग्दर्शक. भाजी, तेल, मीठ सगळ्यांच्या घरी तेच. पण घास घेतला की कळतं, ही अमकीच्या हातची. पिक्चरलाही तसा हात असतो.

ही गोष्ट जगाला ठासून सांगितली फ्रान्समधल्या काही तरुणांनी. त्यातला एक त्रुफो. 1954 साली, वयाच्या विशीत, त्याने एक लेख लिहून मोठी खळबळ उडवली. तेव्हा अमेरिकेत हॉलिवूडला पिक्चर कारखान्यासारखे निघत. पैसा मालकाचा, गोष्ट दुसऱ्याची, दिग्दर्शक पगारी माणूस. हिचकॉक म्हणजे भीतीचे खेळ करणारा, हॉक्स म्हणजे मारामारीपासून विनोदापर्यंत मिळेल ते करणारा, असं पुष्कळ शहाणे लोक समजत. ही पोरं म्हणाली, नीट बघा. गोष्टी वेगळ्या असल्या तरी हात एकच आहे. लेखकाचं पुस्तक असतं, तसा हा त्या दिग्दर्शकाचा पिक्चर आहे. ज्याला मजूर समजत होते, त्याला त्यांनी कारागिराचा मान दिला. मला हे फार आवडतं.

मग आम्ही 'संत तुकाराम'मध्ये हात शोधायला लागलो. तुकारामांची बायको जिजाई बघा. गौरी नावाच्या नटीने ती केलीय. नवरा देवाच्या नादात, घरात दाणा नाही, म्हैस सांभाळायची, पोरं सांभाळायची. ती नवऱ्यावर ओरडते, विठोबावरसुद्धा चिडते. दुसऱ्या कुणी तिला कजाग दाखवून हसं केलं असतं. इथे तसं होत नाही. ती ओरडते तेव्हा आपल्याला तिच्या चुलीची काळजी वाटते. तुकाराम वैकुंठाला निघतात तरी ती घरकामातच असते. आमच्यातली एक म्हणाली, "हिचं खरंय बाई, चूल कोण बघणार?" महाराजांचा मोठेपणा जराही कमी न करता बाईचं दुःखही खरं दाखवायचं, हा या दोघांचा हात. हा पिक्चर मुंबईत वर्षाहून जास्त चालला आणि 1937 साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

पण त्यात एक सालोमालो आहे. तुकारामांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवणारा. तो पडद्यावर आला, बायका हसायला लागल्या आणि माझे कान गरम झाले. का, ते सांगते.

आमचा गट मच्छीचा मसाला करतो. कृती आपांची. एका प्रदर्शनात आमचा सत्कार झाला. मला स्टेजवर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं आणि विचारलं, मसाल्याचं रहस्य काय? मी माइक धरून सांगत सुटले, धणे मी असे भाजते, मिरची मी अशी निवडते. आपा खाली स्टॉलवर सुट्टे पैसे मोजत होत्या. तेव्हा काही बोलल्या नाहीत. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "काय गो बाय, धणे तू कधी भाजलेस?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून मला वाटतं, त्या फ्रेंच पोरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हात ओळखावाच. पण एका नावावर थांबलं की बाकीचे हात झाकले जातात. हिचकॉकच्या बायकोचं नाव आल्मा. ती त्याच्याआधीपासून सिनेमाच्या धंद्यात होती, संकलनात आणि पटकथेत जाणकार. तिचं नाव किती जणांना माहीत? आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. त्यांच्या सरस्वतीबाईंनी कोऱ्या फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. आणि 'संत तुकाराम'मधलं बीजाचं ते सुंदर गाणं? ते लिहिलं शांताराम आठवले यांनी. इतकं जमलं की लोक ते तुकारामांचाच अभंग समजून बसले. सालोमालोने दुसऱ्याचं आपलं म्हटलं. आठवल्यांचं लोकांनी महाराजांना देऊन टाकलं.

त्या रात्री मी इतिवृत्ताची वही उघडली. दर महिन्याला मी लिहीत आले होते, 'गटाने मसाला तयार केला.' आता लिहिते, कृती कुणाची, भाजलं कुणी, कांडलं कुणी, विकलं कुणी. पुढच्या प्रदर्शनात माइक आपांकडे दिला. त्या दोनच वाक्यं बोलल्या, पण धण्यांबद्दल बरोबर बोलल्या.

तुम्हीही एक करा. पुढच्या सभेनंतर एखादा जुना पिक्चर मिळून बघा. सुरुवातीची नावं पुढे ढकलू नका, एकीने मोठ्याने वाचा. मग विचारा, यात हात कुणाचा दिसतो, आणि कुणाचा दिसत नाही. तेवढं झालं की आपली वही काढा आणि तोच प्रश्न तिला विचारा.